दोन्ही पाय अचानक गेले तर: मज्जारज्जूच्या स्ट्रोकमध्ये पहिल्या तासांत काय करायचं

स्ट्रोक म्हटलं की तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं एवढंच आपल्याला आठवतं. तो मेंदूचा स्ट्रोक. पण मेंदूतून निघून पाठीच्या कण्याच्या पोकळीतून कंबरेच्या वरच्या भागापर्यंत उतरणाऱ्या मज्जारज्जूलाही रक्ताचा पुरवठा लागतो, आणि तो पुरवठा तुटला की त्यालाही स्ट्रोक येतो. सगळ्या स्ट्रोकमध्ये याचं प्रमाण एक-दोन टक्केच आहे. दुर्मिळ असल्यामुळे तो चटकन कुणाच्या मनात येत नाही. उसण भरली असेल, सायटिका असेल, अशक्तपणा असेल, असं म्हणत पहिले तास घरातच निघून जातात.

ज्यांच्या घरात असा प्रसंग उद्भवू शकतो त्या सगळ्यांसाठी, आणि तातडीच्या विभागात नव्याने काम करू लागलेल्या परिचारिका व आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या आजारावर हमखास लागू पडेल असं औषध आज उपलब्ध नाही. तरीही पहिले तास फार मोलाचे आहेत, आणि त्याची दोन कारणं आहेत. एक, हुबेहूब असंच चित्र मज्जारज्जूवर बाहेरून दाब आल्यानेही दिसतं, आणि तो दाब शस्त्रक्रियेने वेळेत काढला तर पाय वाचू शकतात. दुसरं, रक्त तुटलेल्या भागाच्या कडेचा रज्जू अजून जिवंत असतो आणि तो जगतो तो रक्तदाबाच्या आणि प्राणवायूच्या जोरावर. हे दोन्ही राखणं आपल्या हातात आहे. त्यामुळे “यावर उपाय नाही, मग सकाळी नेऊ” हा विचार सर्वांत घातक.

ओळखायचं कसं

बहुतेकदा सुरुवात दुखण्याने होते. पाठीत, दोन खांद्यांच्या मध्ये, मानेत किंवा कंबरेत एकदम कळ येते. काहींना छातीभोवती किंवा पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटतं, त्यामुळे आधी हृदयविकाराची किंवा गॅसची शंका येते. मग काही मिनिटांत ते काही तासांत पाय जड होतात, मुंग्या येतात, उभं राहता येत नाही. मज्जारज्जूचा मानेतला भाग सापडला असेल तर हातही जातात. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या डॉक्टरांनी या आजाराचे निकष मांडले. त्यात वेगाला फार महत्त्व आहे: पहिल्या लक्षणापासून १२ तासांच्या आत कमजोरी शिखर गाठते. चार-सहा दिवस हळूहळू पाय जात असतील तर कारण बहुधा वेगळं असतं. पण तेही तातडीचंच.

लघवी अडणं ही खूण सगळ्यांच्या नजरेतून सुटते. माणूस पायांबद्दल बोलत राहतो आणि सहा-आठ तास लघवीच झालेली नाही हे कुणी विचारत नाही. कधी थेंब थेंब गळत असते, म्हणून घरच्यांना वाटतं की होते आहे. प्रत्यक्षात मूत्राशय तुडुंब भरून वरून सांडत असतं.

आणखी एक चकवा आहे. मज्जारज्जूच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाला एकच धमनी रक्त पुरवते, मागच्या भागाला दोन. बहुतेक वेळा पुढचीच सापडते. पुढच्या भागात हालचालीचे आणि वेदना व थंड-गरम कळण्याचे मार्ग असतात. कंप आणि सांध्याची स्थिती कळण्याचे मार्ग मागे असतात, हलका स्पर्शही बराचसा मागूनच जातो. त्यामुळे या रुग्णाला तुम्ही पायाला हात लावलेला कळतो, पण टोचलेलं किंवा गार लागलेलं कळत नाही. “स्पर्श कळतोय ना, मग नस शाबूत आहे” असा धीर देऊन कुणी घरी थांबवू पाहील तर ऐकू नका.

घरी दोन मिनिटांत एवढं तपासा. झोपवूनच दोन्ही पाय एकेक करून उचलायला सांगा, मग पावलं वर ओढायला सांगा. फ्रिजमधल्या पाण्याने भरलेला स्टीलचा पेला आधी गालाला आणि मग मांडीला, पोटाला, छातीला लावून “तितकाच गार लागतोय का” विचारा; जिथून गारवा कळेनासा होतो ती पातळी लक्षात ठेवा. हसायला आणि एक वाक्य बोलायला सांगा, म्हणजे मेंदूच्या स्ट्रोकची खूण आहे का ते कळेल. दोन्ही पावलांना हात लावून बघा: एक किंवा दोन्ही पाय बर्फासारखे थंड आणि पांढरे पडले असतील तर पायांकडे जाणारी मुख्य धमनीच तुंबली असण्याची शक्यता आहे, आणि तिथे सहा तासांच्या आत रक्तप्रवाह मोकळा करावा लागतो. मधुमेह असेल तर साखर मोजा. बस. याहून जास्त तपासण्यात वेळ घालवू नका.

घरातली पहिली दहा मिनिटं

आधी १०८ ला फोन. महाराष्ट्रात आणि गोव्यात दोन्हीकडे हाच क्रमांक. फोनवर “चक्कर आली” किंवा “अशक्त झालेत” असं सांगू नका. सांगा, “अचानक दोन्ही पायांतली ताकद गेली आहे, पाठीत दुखतंय, लघवी होत नाही.”

माणसाला सपाट झोपवा, डोक्याखाली पातळ उशी चालेल. बसवू नका, उभं करून “जरा चालून बघा” म्हणू नका. मज्जारज्जूला धक्का बसला की रक्तवाहिन्यांवरचं नियंत्रण सुटतं, बसवल्यावर रक्तदाब झपकन खाली येतो आणि आधीच उपाशी असलेल्या भागाला मिळणारं रक्त आणखी घटतं. उलटी होत असेल तर डोकं, मान आणि धड एका रेषेत ठेवून कुशीवर वळवा. पडल्यावर किंवा अपघातानंतर हे झालं असेल तर मान अजिबात हलू देऊ नका.

पाणी, चहा, गोळी, काढा, काहीही तोंडातून देऊ नका. कदाचित शस्त्रक्रिया लागेल. ॲस्पिरिनही नको. छातीत दुखलं की ॲस्पिरिन द्यावी हे अनेकांनी ऐकलेलं असतं, पण इथे कारण रक्तस्राव असू शकतं किंवा महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या, भिंतीला आतून चीर गेलेली असू शकते, आणि दोन्हीत ॲस्पिरिन घात करते. रक्तदाबाची नेहमीची गोळीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आकडा वाढलेला दिसला तरी.

शेक देऊ नका, चोळू नका. हे मुद्दाम वेगळं लिहितो, कारण आपल्याकडे पाय बधिर झाले की कुणीतरी गरम पाण्याची पिशवी किंवा तव्यावर तापवलेलं फडकं घेऊन येतंच. ज्या कातडीला गरम कळत नाही ती भाजतेय हेही कळत नाही. मांड्यांवर आणि टाचांवर आलेले हे फोड महिनोन्‌महिने भरत नाहीत. मालिश करणाऱ्याला किंवा हाडवैद्याला बोलावून मणका “बसवून” घेणंही नको. आत गाठ किंवा रक्त साचलेलं असेल तर एका झटक्याने उरलीसुरली ताकदही जाते.

एका कागदावर चार ओळी लिहा. शेवटचं नीट चालताना कुणी किती वाजता पाहिलं. दुखणं किती वाजता सुरू झालं, पाय किती वाजता गेले. शेवटची लघवी कधी. चालू औषधं कोणती, आणि त्यात रक्त पातळ करणारी गोळी आहे का. त्यानंतर गेल्या काही दिवसांतल्या घटना: महाधमनीची किंवा हृदयाची शस्त्रक्रिया, मणक्यात दिलेलं इंजेक्शन, ताप, जड वजन उचलणं, पडणं, स्कूबा डायव्हिंग. पूर्वीचा क्षयरोग किंवा कर्करोगही लिहा. हा कागद रुग्णालयात दहा माणसांच्या आठवणीपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

रुग्णवाहिका येईपर्यंत श्वासाकडे लक्ष द्या. एका श्वासात मोठ्याने आकडे मोजायला सांगा. निरोगी माणूस वीसच्या पुढे सहज जातो. दहाच्या आसपास दम संपत असेल, आवाज बारीक होत असेल, खोकला जोरात काढता येत नसेल, तर मानेतला मज्जारज्जू सापडल्याची शंका घ्या आणि १०८ वर पुन्हा फोन करून तसं सांगा. श्वासपटलाच्या नसा मानेतूनच निघतात.

कुठे न्यायचं

जवळचा दवाखाना गाठण्यापेक्षा योग्य रुग्णालय गाठणं महत्त्वाचं, पण रस्त्यात श्वास किंवा रक्तदाब ढासळत असेल तर आधी जवळचंच. योग्य म्हणजे जिथे रात्रीही एमआरआय आणि सीटी होतो, अतिदक्षता विभाग आहे आणि मेंदू किंवा मणक्याचे शल्यचिकित्सक बोलावता येतात. शहरात मोठी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं हा भरवशाचा पर्याय आहे: मुंबईत केईएम, शीव किंवा जेजे, पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल, गोव्यात बांबोळी. निघण्याआधी एक फोन करून एमआरआय चालू आहे ना एवढं विचारून घ्या.

तालुक्याच्या ठिकाणी असाल तर ग्रामीण रुग्णालयात एमआरआय नसणार. पण तिथे रक्तदाब मोजून सलाईन लावता येतं, गरजेप्रमाणे प्राणवायू देता येतो, लघवीची नळी घालता येते, साखर आणि ईसीजी पाहता येतो, पुढच्या रुग्णालयाला फोन करता येतो. ही कामं अर्ध्या तासात करून पुढे पाठवणं हीच तिथली उत्तम सेवा. “आज निरीक्षणाखाली ठेवू, उद्या बघू” हे या आजारात नको.

गाडीत नेताना चादरीची झोळी करून चार जणांनी उचला. दुचाकीवर मध्ये बसवून किंवा रिक्षात टेकवून नेणं टाळा. खिशातला मोबाइल, किल्ल्या, पाकीट आधी काढून घ्या. बधिर कातडीखाली दोन तास राहिलेली किल्ली जखम करून ठेवते.

तातडीच्या विभागात

दारात गेल्यावर एकच वाक्य स्पष्ट बोला: “डॉक्टर, हे संध्याकाळी सातपर्यंत चालत होते, पाठीत कळ आली आणि तासाभरात दोन्ही पाय गेले, लघवीही झालेली नाही. मज्जारज्जूवर दाब आहे का ते बघायला तातडीने एमआरआय करता येईल का?” यात उद्धटपणा काही नाही. गर्दीच्या वेळी “कंबरदुखी” म्हणून रांगेत बसवलं जाऊ नये यासाठी हे वाक्य लागतं.

मग डॉक्टर काय काय करतील आणि का, ते थोडक्यात. दोन्ही हातांचा रक्तदाब घेतील. दोन्हींत मोठा फरक असेल तर महाधमनीच्या चिरेची शंका येते. टाचणीने टोचून पातळी काढतील: स्तनाग्रांची रेषा म्हणजे मज्जारज्जूचा छातीतला चौथा खंड, बेंबी म्हणजे दहावा. गुदद्वारात बोट घालून तिथल्या स्नायूची पकड तपासतील. घरातल्या ज्येष्ठांना याचा संकोच वाटतो, पण ही तपासणी चुकवायची नसते; दुखापत किती खोल आहे हे तिच्यावरून कळतं. सुरुवातीला पाय अगदी ढिले असतात आणि गुडघ्याचा झटका येत नाही. हा मज्जारज्जूचा धक्का असतो, त्यावरून लगेच भविष्य ठरवू नये.

रक्तात पोटॅशियम पाहिलंच पाहिजे. आपल्याकडे पोटॅशियम घसरल्याने सकाळी उठल्यावर हातपाय न हलणारे रुग्ण नेहमी येतात. त्यांना दुखणं नसतं, बधिरपणा नसतो, लघवी अडत नाही, आणि पोटॅशियम भरून निघालं की काही तासांत ते चालायला लागतात. गुलियन बारे आजारात कमजोरी दिवसागणिक वर चढते. ट्रान्सव्हर्स मायलायटिस, म्हणजे मज्जारज्जूची सूज, काही तासांपासून तीन आठवड्यांपर्यंत वाढत जाते. पण यांतलं काहीही ठरवण्याआधी दाब आहे की नाही हे पाहायचं. रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर असलेल्याच्या मणक्यात साचलेलं रक्त, तापासोबत झालेला गळू, क्षयाने झिजलेला मणका, कर्करोगाची गाठ, सरकलेली मोठी चकती ही दाबाची कारणं. यांत शल्यचिकित्सकाला रात्री दोनलाही उठवायचं असतं.

एमआरआय: तीन गोष्टी माहीत असाव्यात

पहिली, कंबरेचा एमआरआय पुरत नाही. मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळच संपतो. पाय गेलेत म्हणून फक्त कंबर पाहिली तर छातीतला दोष तसाच राहतो, आणि कंबरेत वयोमानाने सरकलेली एखादी चकती हमखास दिसते, मग सगळा दोष तिच्यावर जातो. चिठ्ठीवर “संपूर्ण पाठीचा कणा” लिहिलंय ना, हे नक्की पाहा.

दुसरी, पहिल्या तासांतला एमआरआय चक्क सामान्य दिसू शकतो. बऱ्याच रुग्णांत पहिल्या दिवशीच्या चित्रात काहीच दिसत नाही. एमआरआयमध्येच डिफ्युजन नावाची खास चित्रं घेतली तर दोष लवकर पकडला जातो, पण त्यांतही कधी चुकतो. पहिल्या एमआरआयचा खरा फायदा हा की दाब नाही हे कळतं. एमआरआय सामान्य आहे म्हणून “मानसिक आहे” असा शिक्का मारून घरी पाठवणं चूक आहे. लक्षणं कायम असतील तर एक-दोन दिवसांनी तो पुन्हा करतात. नंतरच्या चित्रात उभ्या छेदात पेन्सिलीसारखी पांढरी रेघ आणि आडव्या छेदात घुबडाच्या डोळ्यांसारखे दोन ठिपके दिसतात. शेजारच्या मणक्याच्या हाडाचंही रक्त तुटलेलं दिसलं तर निदान पक्कं होतं.

तिसरी, छातीत किंवा पाठीत फाडल्यासारखं दुखत असेल, नाडी दोन हातांत वेगळी लागत असेल, तर महाधमनीचा सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी, एमआरआयच्या आधीही करावा लागतो. महाधमनीची चीर तासांत जीव घेते. पेसमेकर किंवा शरीरातल्या धातूबद्दल यंत्राच्या दारात नव्हे, आधीच सांगा.

उपचार: काय करतात, काय करत नाहीत

मुख्य उपचार रक्तदाबाचा. मोजायचा तो सरासरी दाब. वरचा आकडा अधिक खालच्या आकड्याची दुप्पट, भागिले तीन. १२०/७५ असेल तर १२० अधिक १५०, भागिले तीन, म्हणजे ९०. ११०/७० ला तोच ८३ होतो. मज्जारज्जूच्या अपघाती दुखापतीतल्या अनुभवावरून इथेही बरेच डॉक्टर सरासरी दाब ८५ ते ९० च्या आसपास किंवा थोडा वर ठेवतात, आधी सलाईनने आणि गरज पडल्यास नॉरॲड्रेनॅलिनसारख्या रक्तदाब वाढवणाऱ्या औषधाने. म्हणजे एरवी “छान” वाटणारा ११०/७० या रुग्णाला कमी पडू शकतो. महाधमनीला चीर असेल तर मात्र नेहमीचा उपचार बरोबर उलटा, दाब कमी ठेवण्याचा असतो. तिथे मज्जारज्जू आणि महाधमनी दोन्ही सांभाळत कुठला आकडा धरायचा हे हृदय-शल्यचिकित्सकांसोबत ठरवावं लागतं. म्हणूनच आधी महाधमनी बघायची.

महाधमनीच्या शस्त्रक्रियेनंतर आलेला स्ट्रोक हा वेगळा आणि खूप काही करता येण्यासारखा प्रकार आहे. मज्जारज्जूच्या खालच्या भागाला रक्त पुरवणारी ॲडमकिविझची धमनी छातीच्या खालच्या मणक्यांच्या पातळीवर, बहुधा डाव्या बाजूने, महाधमनीच्या शाखांमधून निघते. महाधमनीचा फुगा दुरुस्त करताना किंवा आतून स्टेंट बसवताना हा पुरवठा तुटू शकतो. कधी रुग्ण शुद्धीवर आल्यावर पाय नीट हलवतो आणि एक-दोन दिवसांनी, रक्तदाब उतरल्यावर, पाय जातात. अशा वेळी रक्तदाब वर नेतात, रक्तातलं हिमोग्लोबिन आणि प्राणवायू सुधारतात, आणि कंबरेतून बारीक नळी घालून मणक्यातलं पाणी थोडं थोडं काढतात. तत्त्व सोपं आहे: मज्जारज्जूला मिळणारा दाब म्हणजे रक्तदाब वजा भोवतालच्या पाण्याचा दाब. रक्तदाब वाढवला आणि पाण्याचा दाब पाऱ्याच्या साधारण १० मिलिमीटरपर्यंत उतरवला की तो दोन्ही बाजूंनी सुधारतो. पाणी भराभर काढलं तर डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून तासाला ठरावीक मापानेच. या उपायाने गेलेले पाय परत आल्याची उदाहरणं चांगली नोंदलेली आहेत. तुमच्या नातेवाइकाची अशी शस्त्रक्रिया झाली असेल तर अतिदक्षता विभागात भेटायला गेल्यावर दर वेळी “पाय हलवा बघू” म्हणा, आणि हलला नाही तर त्याच क्षणी परिचारिकेला सांगा.

रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन का देत नाहीत, हा प्रश्न सगळेच विचारतात. मेंदूच्या स्ट्रोकमध्ये ते साडेचार तासांच्या आत देतात. मज्जारज्जूत ते दिल्याच्या तुरळक रुग्णांच्या नोंदी आहेत, मोठी तुलनात्मक चाचणी झालेली नाही. शिवाय आधी मणक्यातला रक्तस्राव आणि महाधमनीची चीर दोन्ही नाहीत हे सिद्ध व्हायला हवं, आणि तेवढ्यात वेळ संपतो. कुणी फार लवकर पोहोचला, सगळं स्वच्छ तपासलं, तर अनुभवी न्यूरॉलॉजिस्ट हा पर्याय चर्चेत आणतील. आपण हट्ट धरू नये.

स्टेरॉइडचंही तसंच. सूज आहे की स्ट्रोक हे पहिल्या दिवशी ठरत नसेल तर डॉक्टर मिथाइलप्रेडनिसोलोन सुरू करतात, ते समजण्यासारखं आहे. स्ट्रोक ठरल्यावर मात्र त्याचा फायदा सिद्ध नाही, आणि साखर वाढणं, जंतुसंसर्ग ही किंमत मोजावी लागते. रक्तवाहिन्यांच्या चुकीच्या जोडणीचा एक आजार आहे, ड्युरल फिस्टुला नावाचा, त्यात स्टेरॉइडने पाय आणखी बिघडतात. चौथ्या-पाचव्या दिवशी “हे अजून का चालू आहे” असं नम्रपणे विचारायला हरकत नाही.

पुढचं औषध कारणावर ठरतं. धमन्या जाड झाल्या असतील तर रक्तस्राव नाही हे पाहून ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन. हृदयातून रक्ताची गाठ आली असेल किंवा मानेतल्या धमनीला चीर असेल तर रक्त पातळ करणारी औषधं डॉक्टर विचारात घेतात. खोल पाण्यातून वर आल्यावर होणाऱ्या पाणबुड्यांच्या आजारात दाबाच्या कक्षेत प्राणवायू देतात. मालवण किंवा गोव्याच्या समुद्रातून वर आल्यावर कुणाचे पाय जड झाले तर डायव्हिंग केल्याचं पहिल्याच वाक्यात सांगा. तरुणांमध्ये वजन उचलताना किंवा पाठीला पीळ बसल्यावर चकतीच्या कूर्चेचा कण रक्तवाहिनीत शिरून असा झटका येतो असं मानलं जातं. सर्फिंग शिकणाऱ्या नवशिक्यांमध्ये फळीवर पालथं पडून पाठ मागे वाकवून ठेवल्याने झालेले स्ट्रोक हवाईत नोंदले गेले आहेत. म्हणजे वय पंचवीस आहे म्हणून शंका सोडायची नाही.

पहिले तीन दिवस, खाटेजवळ

इथे घरच्यांचं काम डॉक्टरांइतकंच मोठं आहे.

लघवीची नळी पहिल्याच दिवशी लागते. मूत्राशय पाचशे मिलिलीटरच्या वर ताणू द्यायचं नाही. वारंवार ताणलं तर त्याचा स्नायू थकतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. पिशवी नेहमी कंबरेच्या खाली, नळीला पीळ नको.

दर दोन तासांनी कूस बदला. रात्रीही. माकडहाड, टाचा, नितंबांची टोकं, खांद्यांची पाती रोज उजेडात पाहा. दाबून न मावळणारी लाली म्हणजे बेडसोरची सुरुवात. टाचांखाली उशी न ठेवता पोटरीखाली ठेवा, म्हणजे टाच अधांतरी राहते. हवेची गादी भाड्याने मिळते, पण ती आहे म्हणून कूस बदलणं थांबवायचं नाही.

न हलणाऱ्या पायांत रक्ताच्या गाठी होतात आणि त्या फुप्फुसात जाऊ शकतात. त्यासाठी पोटाच्या कातडीत हेपॅरिनचं छोटं इंजेक्शन देतात. रक्तस्रावाचा धोका नाही हे ठरल्यावर ते सुरू झालं का, हे विचारा. एका पायाची पोटरी दुसऱ्यापेक्षा जाड दिसली तर चोळू नका, दाखवा.

पोट फुगतं, शौचाला होत नाही. हेही मज्जारज्जूमुळेच. ठरावीक वेळी सपोझिटरी (गुदद्वारातून घालायची गोळी) किंवा एनिमा देऊन सवय लावावी लागते. मानेचा भाग सापडला असेल तर श्वासाची मोजणी चालू ठेवा आणि नाडी पन्नासच्या खाली जातेय का, ते पाहत राहा.

रुग्णाशी बोलत राहा. तो पूर्ण शुद्धीत असतो, त्याला सगळं ऐकू येतं, आणि खाटेच्या पायथ्याशी उभं राहून नातेवाईक जे कुजबुजतात तेही. त्याला न विचारता त्याच्या पायांबद्दलचे निर्णय घेऊ नका.

किती सुधारेल

पहिल्या आठवड्यात कुणीही खात्रीने सांगू शकत नाही. सुरुवातीला थोडी तरी ताकद शिल्लक असेल, पहिल्या दिवसांतच बोटं हलू लागली, तर चित्र चांगलं. मेयो क्लिनिकने २०१२ मध्ये ११५ रुग्णांचा दीर्घ पाठपुरावा प्रसिद्ध केला. रुग्णालयातून चाकाच्या खुर्चीवर घरी गेलेल्यांपैकी ४१ टक्के पुढे चालू लागले होते, आणि नळीसह घरी गेलेल्यांपैकी ३३ टक्क्यांची नळी सुटली होती. सगळेच चालले नाहीत, हेही त्याच आकड्यांत आहे. पण “आता काही होणार नाही” असं डिस्चार्जच्या दिवशी ठरवून टाकायला ते आकडे आधार देत नाहीत.

म्हणून फिजिओथेरपी अतिदक्षता विभागातच सुरू व्हावी: सांधे हलवणं, घोटे काटकोनात ठेवणं, छातीचे व्यायाम. बसवायला सुरुवात करताना हळूहळू, पोटाला पट्टा बांधून आणि रक्तदाब मोजत. पुढे पुनर्वसन केंद्र लागतं; मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. खर्चासाठी महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आणि गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत काय बसतं, ते दाखल होतानाच विचारा. महाराष्ट्रात त्यासाठी रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात.

घरी जाण्याआधी

डिस्चार्ज कागदावर या गोष्टी लिहून घ्या: स्ट्रोकचं कारण काय सापडलं, कोणतं औषध किती काळ, रक्तदाब कुठल्या मर्यादेत, नळी कधी बदलायची किंवा दिवसातून किती वेळा नळी घालून लघवी काढायची, एमआरआय पुन्हा कधी. नळी घालायला रुग्णाला आणि घरच्या एकाला परिचारिकेकडून हाताने करून शिकवून घ्या, तोंडी सूचनेवर जाऊ नका.

आणि एक धोका आधीच समजून घ्या, कारण तो घरीच येतो. दोष मज्जारज्जूच्या छातीतल्या सहाव्या खंडात किंवा त्याच्या वर असेल तर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी अचानक डोकं फुटल्यासारखं दुखणं, चेहरा लाल होणं, घाम फुटणं आणि रक्तदाब भडकणं असा झटका येऊ शकतो. अशा वेळी सुरुवातीच्या दिवसांतला नियम उलटा करायचा: रुग्णाला लगेच बसतं करा, पाय खाली सोडा, घट्ट कपडे सैल करा. मग नळीला पीळ पडलाय का, पिशवी भरलीय का, ते बघा. बहुतेक वेळा कारण तिथेच असतं. नसेल तर शौच तुंबलंय का, कुठे काही टोचतंय का, पायाचं नख रुतलंय का, ते पाहा. दर पाच मिनिटांनी रक्तदाब मोजा, आणि उतरत नसेल तर १०८.